चार बॅटऱ्यांचा माणूस

पाचोऱ्याला माझ्या बहिणीच्या लग्नाआधी फोटोग्राफर घरी आला आणि आमचाच चहा पिऊन आम्हालाच शहाणपण पाजून गेला. नवरीने आदल्या दिवशी फेशियल करू नये, चेहऱ्याला हळद नावापुरती लावावी आणि फोटोग्राफरने चार बॅटऱ्यांशिवाय मांडवात पाऊल ठेवू नये. “मशीन दगा देत नाही भाऊ, ऐनवेळी माणूस गडबडतो,” असं म्हणत तो लेन्स पुसत होता. आम्ही वहीत लिहून घ्यायचंच बाकी होतं.

लग्नात त्याने हार दोनदा घालायला लावले. पहिल्या वेळी आनंद कमी पडला म्हणे. त्याआधी वरातीत नवरदेवाच्या मित्रांचा नाच मात्र त्याने तासभर, एकही उडी न सोडता टिपला होता.

पाठवणीला बहीण आबांच्या गळ्यात पडली. वडिलांना रडताना आम्ही कधी पाहिलं नव्हतं; त्यांचे ओठ थरथरू लागले. तेवढ्यात तिसरी बॅटरी संपली आणि फोटोग्राफर ओरडला, “आबा, आते रडू नका! बॅटरी संपेल शे!”

आबा थांबले. चौथी बॅटरी गाडीतून येईपर्यंत ताठ उभे राहिले. फोटोत ते आधार कार्डावर असतात तसेच दिसतात.

महिन्याने अल्बम आला. पाठवणीचं पान उघडताच आबा हमसून हमसून रडले. खिडकीतून उजेडही छान येत होता.