बिनपगारी रजा

ये, अशी जवळ ये. कागदावरून का होईना, ये. आणि आधी दोन शब्द ऐकून घे. परवा फोनवर म्हणालीस, "मावशी, काकांनी इतकी वर्षं बिनपगाराची नोकरी धरून ठेवली, दुसरं काहीच कसं केलं नाही?" आणि मी तोंड उघडायच्या आत फोन ठेवून मोकळी झालीस. असं विचारून पळतात का गं? वडील माणसाला उत्तराला तरी जागा ठेवावी.

केलं बाई, दुसरंही केलं. ते करताना पहिलं जाता जाता राहिलं, तेच सांगते.

तुझे काका आमच्या वस्तीतले पहिले बी.एड. नेकनूरच्या पलीकडं एका गावात हायस्कूल निघालं, तिथं गणिताला लागले. शाळा विनाअनुदानित. म्हणजे पोरं खरी, फळा खरा, पगार तेवढा यायचा बाकी. तपासणी होईल, शाळा अनुदानाला पात्र ठरेल, यादीत गुरुजींचं नाव चढेल, मग पगार. तोवर शिकवत राहायचं. संस्थेचे अध्यक्ष एका सहकारी साखर कारखान्याचे संचालकही होते. गळीत बरं झालं की दिवाळीला शिक्षकांच्या हातावर थोडं मानधन ठेवायचे, वर घरटी पाच किलो साखर. त्यावर आमचं कसंबसं भागायचं.

त्या साली पाऊस फिरकलाच नाही. ऊस उभ्या उभ्या वाळला, जो हिरवा राहिला तो जनावरांच्या छावणीला गेला, आणि कारखान्याचा बॉयलर पेटलाच नाही. दिवाळीला अध्यक्ष म्हणाले, "गुरुजी, चिमणी थंड हाय, तवा माझा बी हात थंड हाय. अनुदान आलं की सगळं सुरळीत."

अनुदान येईपर्यंत काय खायचं, ते काही बोलले नाहीत.

मग आम्ही ऊसतोडीच्या टोळीत नाव घातलं. पार खाली, जिथं नदीला पाणी होतं त्या कारखान्यावर. तू शहरात राहून विसरली असशील, म्हणून सांगते. टोळीत माणसं मोजत नाहीत, कोयते मोजतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. एकट्याला अर्धा कोयता म्हणतात आणि अर्धा कोयता कुणाला नको असतो. आम्ही पोरी सासूबाईंपाशी ठेवल्या आणि एक कोयता झालो.

हेडमास्तर तसे भले. निघताना म्हणाले, "जावा, मस्टर मी बघतो. पण तपासणी लागली की त्या दिवशी वर्गात उभं पायजेत. न्हाईतर नाव गेलं म्हणून समजा. अध्यक्षांचा भाचा टपलेला हाय तुमच्या जागेवर."

टोळीतली निम्मी माणसं ह्यांच्या वर्गातल्या पोरांचे आईबाप. पहिल्या दिवशी कुणाला ह्यांच्याकडं बघवेना. दुसऱ्या दिवशी सगळ्यांना जीभ फुटली. शेजारच्या कोपीतली, म्हणजे पाचटाच्या झोपडीतली, एक बाई, जिची लेक नववीत ह्यांच्या हाताखाली शिकायची, ती म्हणाली, "गुरुजी, मोळी बांधायलात का गणित सोडवायलात? हितं हातचा घेत न्हाईत, आवळा लवकर!"

हे हसायचे. पण हात बघवत नव्हते. उसाच्या पात्यानं मनगटापर्यंत चिरा, तळव्याला फोड, आणि खडू धरायची तीन बोटं सुजलेली.

सव्वा महिना झाला असेल. एका सकाळी मुकादमाच्या मोबाईलवर हेडमास्तरांचा फोन आला. तपासणी उद्याच.

मुकादम म्हणाला, "न्हाई जमायचं. अर्ध्या कोयत्यावर गाडी भरत असते का?"

"एक दिवसाचा तर प्रश्न हाय," हे म्हणाले.

"सगळे असंच म्हणतेत अन् गावाकडं जाऊन झोपतेत. तुमी गेलाव अन् आला न्हाईत तर कारखान्याला मी काय सांगू? गुरुजी पळाला म्हणू?"

ह्यांचा चेहरा असा उतरला की काय सांगू. मग मीच पुढं झाले. म्हटलं, "मुकादम, मी हाय ना हितं. तोडते बी मी, बांधते बी मी. गाडी कमी भरली तर मला बोला."

"तू एकली?"

"एकली कावून? मी हाय की जोडीला," शेजारची बाई कोयता पुसत म्हणाली. "गुरुजी न्हाई गेले तर माझ्या पोरीला गणित तू शिकवणार हायस का?"

सगळी टोळी हसली, मुकादमही हसला. पण बोट दाखवून म्हणाला, "परवा दुपारच्या गाडीच्या आत."

मी लिंबू आणि राखेनं ह्यांचे हात घासले. काळं निघालं, चिरा तशाच राहिल्या. म्हटलं, "हात खिशात ठेवा." तर म्हणतात, "खिशात हात घालून भूमिती शिकवू?" ट्रकमध्ये बसून गेले.

दुसरा दिवस कसा काढला ते माझं मला ठाऊक. कोयता चालत होता, पण कान मुकादमाच्या मोबाईलकडं. संध्याकाळ झाली, फोन नाही. म्हटलं, गेलं. शाळाही गेली, आणि आता टोळीत पत पण जाणार.

तिसऱ्या दिवशी गाडी निम्मी भरली तेव्हा हे बांधावरून येताना दिसले. मी मोळी टाकली आणि विचारलं, "लागलं का नाव?" हे खाली बसले. पाणी प्यायले. मग सांगितलं.

तपासणीचे साहेब नववीच्या वर्गात आले. मागच्या भिंतीला हेडमास्तर, दारात अध्यक्ष. साहेबांनी विचारलं, "गुरुजी, आज किती हजर?" ह्यांनी बाकांवरून नजर फिरवली. एका बाकावर दोन पोरं. आणि तोंडातून निघून गेलं, "सोळा कोयते, साहेब."

हेडमास्तरांनी डोळेच मिटले.

साहेब आपल्याच भागातले निघाले. त्यांनी ह्यांचे हात बघितले. हळूच विचारलं, "कोणत्या कारखान्यावर?"

खोटं बोलता आलं असतं. मस्टरवर तर रोजची सही होती, हेडमास्तरांनीच ठोकलेली. पण समोर सगळी टोळीतल्यांचीच पोरं. त्यांच्यादेखत काय बोलणार? ह्यांनी कारखान्याचं नाव सांगितलं. साहेबांनी मस्टर मागवलं, सव्वा महिन्याच्या सह्यांवर लाल शाईनं उभी रेघ ओढली. हे म्हणाले, त्या रेघेबरोबर माझा जीवच खाली गेला. रेघेशेजारी साहेबांनी काहीतरी लिहिलं, आणि यादीतलं नाव तसंच ठेवून पुढच्या वर्गाला गेले.

"काय लिहिलं पण?" मी विचारलं.

"बिनपगारी रजा," हे म्हणाले.

शेजारची बाई इतकी हसली की तिला उभं राहवेना. "आगं बया! ज्याला कधी पगारच न्हाई, त्याला बिनपगारी रजा!" मी मात्र रडले. नाव राहिलं होतं. पण रजा चाकरीवरच्या माणसालाच मिळते; म्हणजे ज्या वर्षांचा रुपया मिळाला नाही, तीही ह्यांची चाकरीच होती, असं सरकारनं एवढ्या दोन शब्दांत पहिल्यांदा कबूल केलं, असं मला वाटलं.

अनुदान पुढं आलं, तेही तुकड्या-तुकड्यानं. पूर्ण पगार हातात पडायला लागला आणि थोड्याच वर्षांत हे रिटायर झाले. हल्ली अंगणात बसून गल्लीतल्या पोरांना गणित शिकवतात. कुणी फी विचारली तर म्हणतात, "आमी रजेवर हाव." तुला त्यांच्या तोंडून ऐकायचं असेल तर फोनवर जमणार नाही, त्यांना ऐकू कमी येतं. मांजरसुंब्याला उतर, ते घ्यायला येतील. ये गं लवकर, या महिन्यातच ये.