मडकी फोडली म्हणून

"बाई, खुर्च्या पाहुण्यांसाठी आहेत. तुमची मंडळी तिकडे, ढोलांजवळ."

मुलांनो, हे मला मागच्या हिवाळ्यात ऐकावं लागलं. भामरागडच्या वाटेवर, इंग्रजांनी बांधलेल्या जुन्या विश्रामगृहाच्या अंगणात. तिथे सोहळा होता. जन्मभर इंग्रजी शिकवलं, म्हणून परदेशी पाहुण्यांना कार्यक्रम समजावून सांगायला मला बोलावलं होतं. चूक कळल्यावर आयोजक हसला.

"अरे वा, तुम्हीच का त्या मॅडम! वाटत नाही हं."

मी बसले. कार्यक्रम होता शिकारीच्या हाक्याचा, ढोल बडवून जनावराला बंदुकीपुढे हाकलण्याचा. कापडाचा वाघ, टोपी घातलेला नकली साहेब, आणि ढोल बडवणारी आमची माणसं. त्यांत माझा धाकटा भाऊ. तो तिथेच चौकीदार. जवळ येऊन कुजबुजला, "बाई, मले वाकून चालाले सांगून राह्यले. पाठीवर छडी मारतीन म्हने, खोटी खोटी. लोकायले हसू येते."

व्हरांड्यात एक फोटो आहे. मेलेल्या वाघावर पाय ठेवलेला गोरा साहेब, मागे मान खाली घातलेली माणसं. त्यांतला एक माझा आजा. खाली इंग्रजीत लिहिलंय : साहेब आणि त्यांचे इमानी हाकेकरी.

इमानी! आजाला शेतातून ओढून बेगारीला नेलं होतं. आमच्या कुळात वाघ हा नातलग. तो मेला की घराला सुतक. माणूस गेल्यावर फोडतात तशी घरातली मातीची मडकी फोडायची. आजाला त्या वाघाला हाकायला लावलं, मग मेलेला वाघ खांद्यावर वाहायला लावला. घरी येऊन त्याने दारात मडकी फोडली. मग साऱ्या गल्लीने फोडली. शिकारीचा अपमान केला म्हणून साहेबाने त्याला मोहाच्या झाडाला बांधून चाबकाने फोडून काढायला लावलं. स्वतः व्हरांड्यात बसून चहा पीत होता. माझ्या बापाने लहानपणी हे डोळ्यांनी पाहिलं. आजा पुढे कधी पाठीवर निजला नाही.

मला शाळेत घालताना बाप म्हणाला होता, "त्यायची भाषा शिक. आपल्याले काय म्हनत होते, थे मले सांग."

आयोजकाने माइक हातात दिला. "मॅडम, जरा हसून बोला. तुमचे लोक पिढ्यान्‌पिढ्या हौसेने हाका करत आलेत."

नकली साहेबाने भावाच्या पाठीवर छडी उगारली. मी भावाला म्हटलं, "ताठ उभा राह्य."

"नोकरी जाईन, बाई."

मी पेन्शनवाली. मला सांगणं सोपं होतं. मग त्याने ढोल खाली ठेवला, पायरीवरचा पाहुण्यांच्या पाण्याचा माठ उचलला आणि त्या फोटोखाली आपटला.

पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. त्यांना तो खेळाचाच भाग वाटला.

मी इंग्रजीत सांगितलं, हे सुतक आहे. टाळ्या थांबवा. मग आजाच्या पाठीचं सांगितलं, एकही शब्द मऊ न करता. आयोजकाने माइक बंद केला. मी वर्गात बोलायचे त्या आवाजात पुढे बोलत राहिले.

दुसऱ्या दिवशी भावाला कामावरून काढलं. तो फोटो तिथेच आहे. ते "इमानी"ही तिथेच.

या हिवाळ्यात पुन्हा सोहळा आहे. मला बोलावलेलं नाही. आम्ही जाणार आहोत, सगळं कूळ, प्रत्येकाच्या हातात आपापल्या घरचं मडकं. तुम्हाला यायचं तर या. टाळ्या वाजवायला येऊ नका. येताना मडकं आणा.