शेपूट जर्मन, धड फ्रेंच

स्वेनुंग ब्योर्को हा नॉर्वेतल्या तेलेमार्कमधला थडग्यांचे दगड कोरणारा. चाळीस वर्षं त्याने छिन्नी चालवली आणि तेवढीच वर्षं भाषेवरून गावाशी भांडण केलं. पूर्वी कधीतरी जर्मन व्यापाऱ्यांबरोबर आलेले शब्द त्याला खपत नसत. शेजारच्या गीरोचा नवरा हालवोर वारला, तेव्हा तिने दगडावर प्रेमासाठी 'शॅर्लीहेत' हा शब्द मागितला.

"ते 'हेत' शेपूट जर्मन आहे, गीरो," स्वेनुंग अडून बसला. "आपला शब्द 'शॅर्लाइक'. दुसरा माझ्या हातून उतरणार नाही."

नवरा नुकताच गेलेला, ती काय वाद घालणार? 'शॅर्लाइक' कोरलं गेलं.

तीन वर्षांनी फिरत्या वाचनालयाच्या बसमधून त्याने जाडजूड शब्दकोश घरी आणला. चाळताना 'शॅर', म्हणजे 'प्रिय', हा त्या दोन्ही शब्दांच्या सुरुवातीचा शब्द समोर आला. मूळ जुनं फ्रेंच, त्याआधी लॅटिन. स्वेनुंगने चष्मा पुसून पुन्हा वाचलं. पुढच्या खेपेला बस आली, तसं त्याने ते पान वाचनालयाच्या बाईंपुढे धरलं.

"हे छापताना चुकलंय ना?"

"नाही हो, बरोबर आहे. फार जुना पाहुणा, एवढंच."

त्या आठवड्यात त्याच्याकडून एक अक्षर कोरून झालं नाही. मग आपलं म्हणायचं तरी कशाला? शेवटी तो गीरोच्या दारात जाऊन उभा राहिला. तिने कॉफी ओतली, त्याने सगळं सांगितलं.

"म्हणजे शेपूट जर्मन म्हणून तू छाटलंस, आणि धड निघालं फ्रेंच!" गीरो खो खो हसली आणि एकदम थांबली. "हालवोर ओस्लोचा होता. तो 'शॅर्लीहेत'च म्हणायचा. मला भाषा नको होती रे, त्याचं बोलणं हवं होतं."

"मग तेव्हा का नाही सांगितलंस?"

"तू बोलू दिलंस?"

स्वेनुंगने दगड आपल्या कामाच्या जागी परत आणला आणि दर्शनी बाजू घासून सपाट केली. खडूने आखताना सवयीने दोनदा जुनाच शब्द उमटला, दोनदा त्याने तो पुसला. काम झाल्यावर गीरोला बोलावलं.

"बघ बाई, बरोबर आहे का? मला आता कशाचीच खात्री वाटत नाही."

तिने अक्षरांवरून बोट फिरवलं. "हो. असंच म्हणायचा तो."

शब्दकोश अजून स्वेनुंगकडेच आहे. 'दगड' या शब्दाचं पान मात्र उघडायचा धीर त्याला झालेला नाही.