परबकाकांच्या दोन पट्ट्या

परबकाका आमच्या घरी शंभरदा तरी आले असतील, पण बसले म्हणून कधी नाहीत. चपला दारात काढायच्या, आत यायचं आणि हॉलभर फिरत बोलायचं. चहाचा कप हातात, आणि माणूस खिडकीपासून फ्रीजपर्यंत, फ्रीजपासून खिडकीपर्यंत. मधेच थांबले की समजायचं, यांना काहीतरी वाकडं दिसलं. लगेच शर्टाच्या खिशातून स्टीलची पट्टी बाहेर. आमच्या शोकेसची फळी, कॅलेंडरचा खिळा, बेसिनवरचा आरसा, काही म्हणता काही सुटलं नाही. "ह्यां कोणी लावल्यान? एक सूत खाली असा." सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, हे मला त्यांच्यामुळेच कळलं. "काका, बसा हो जरा, मला गरगरतंय," असं म्हटलं की उत्तर ठरलेलं, "बसूक मी काय पाव्हणो असंय?"

आमचं आणि त्यांचं दार समोरासमोर. मुलुंडची आमची सोसायटी, तिसरा मजला, लिफ्ट नाही. गणपतीच्या आधी ते गेले, दुपारी जेवून जरा आडवे झाले तेव्हा झोपेतच. ज्या माणसाला पाच मिनिटं एका जागी काढवत नव्हती तो असा शांतपणे जावा, हे मला अजून खरं वाटत नाही. मला त्यांचा राग यायचा, त्यांच्याशी भांडण व्हायचं, आणि आता रविवारी बेल वाजली नाही की घर खायला उठतं.

काका पॅटर्नमेकर होते. भांडुपच्या एका फाउंड्रीत त्यांची सगळी नोकरी झाली. लोखंडाचा पंप ओतायचा तर आधी तस्साच लाकडाचा पंप करावा लागतो. तो वाळूत दाबायचा, वाळूत त्याचा साचा उमटतो, आणि त्यात वितळलेलं लोखंड ओततात. तो लाकडाचा पंप करणारे ते परबकाका. यातली गोम अशी की लोखंड थंड होताना आकसतं, फुटामागे एक सूत. म्हणून लाकडाचा नमुना तेवढा मोठा करायचा. आता प्रत्येक मापाला कुठे हिशोब करत बसणार? त्यासाठी या लोकांची वेगळी पट्टीच असते. तिच्यावरचा प्रत्येक इंच इंचापेक्षा केसभर मोठा. काका तिला वाढीव पट्टी म्हणत. खिशात दोन्ही असायच्या, साधी आणि वाढीव, दोन्ही एक-एक फुटाच्या. दिसायला जुळ्या बहिणी. मागे कोरलेली अक्षरं कधीच झिजून गेलेली. "माणसाची पट्टी वेगळी, लोखंडाची वेगळी," काका सांगत. "लोखंड गरम असताना मोठेपणा करता, थंड झाला की आकसता. माणसांचापण तसाच, पण त्येंका पट्टी नाय."

आणि बोलता बोलता गाडी साळवींवर यायचीच. जयवंत साळवी म्हणजे काकांचा शेजारच्या बाकावरचा माणूस. तीस वर्षं एका डब्यातलं जेवले. मग एका मोठ्या ऑर्डरचा पंप फसला. झाकणाची भोकं आणि पंपाची भोकं जुळेनात, पंपाकडची बाजू फुटामागे एक सूत लहान आली. ओतलेला सगळा माल भंगारात. आखणी काकांची होती, कापणी साळवींची. साहेबांनी विचारलं तेव्हा काका म्हणाले, रेघ बरोबर होती, साळव्याने कापताना चुकवली. साळवी म्हणाले, मी रेघेवरच कापलं, रघू, तू तुझी पट्टी बघ. काका अंगावर धावून गेले. लाकडाचा नमुना तर तोवर साहेबांनी रागाने चुलीत घातला होता, तेव्हा पुरावा काहीच नाही, आणि आखणीत परब चुकेल यावर फाउंड्रीत कोणाचा विश्वास बसेना. साळवींना घरी पाठवलं. कंपनी पुढे बंदच पडली, पण ती सगळ्यांसाठी. साळवी आधीच डाग घेऊन गेले. अकरा वर्षं दोघांचं बोलणं नव्हतं. काका हे सगळं सांगताना आणखी जोरात फिरायचे आणि शेवटी म्हणायचे, "मी आयुष्यात चुकीची पट्टी उचलूक नाय." कोणी विचारलेलं नसताना! काकू आतून ओरडायच्या, "झाला सुरू? त्या बिचाऱ्याक सोडा आता!"

मी एका विमा कंपनीत दिवसभर कॉम्प्युटरसमोर असते. चाळिशी उलटल्यावर डोक्यात खूळ आलं आणि एक युकुलेली घेतली, चार तारांची, गिटारच्या धाकट्या भावंडाएवढी. एका रविवारी ती टेबलावरून पडली आणि घोडी, म्हणजे ज्या लाकडी पट्टीवर तारा टेकतात ती, उखडून आली. काकांनी ती उचलून नाकाशी धरली, बोटाने टकटक केलं. "ह्यां काय गो? खोक्याक तारा लावल्यानी!" घोडी चिकटवून दिली खरी, पण आठवड्याने बेल. "अनघा, तुझां ता टुणटुणां दी. माप घेतंय. असला चांगला करतंय की बघत रवशील."

झालं. काकूंनी गावाहून देव्हाऱ्यासाठी आणवलेली फणसाची फळी काकांनी बाल्कनीत नेली आणि दार लावून घेतलं. काकूंचा पारा चढला. "देव फळीची वाट बघतत, आणि ह्यांका टुणटुणां सुचता!" बाल्कनी ती केवढी, वॉशिंग मशीन ठेवलं तर माणूस मावायचा नाही. तिथे काकांचं बाक, रंधे, पटाशा, डिंकाचा डबा. कडेच्या पातळ पट्ट्या वाकवायला लोखंडी पाइप हवा होता तो गरम करायचा कुठे, तर स्वयंपाकघरात गॅसवर. ओली पट्टी त्या पाइपवर दाबत दाबत वळवायची. घरभर फणसाचा वास, डाळ कुकरात अर्धी कच्ची, काकू माझ्या दारात. "तुझ्यामुळे ह्यां सगळां," म्हणून मलाच बोलणी.

दीड महिन्यात वाद्य उभं राहिलं. खरं सांगते, हातात घेतलं आणि मला रडू आलं. पिवळंधमक फणस, वर देवदाराची पातळ फळी, कुठे सांधा म्हणून सापडायचा नाही. पडदे, म्हणजे दांडीवरच्या धातूच्या आडव्या काड्या, कुठे बसवायचे त्याचा तक्ता मी इंटरनेटवरून काढून दिला होता, प्रत्येक पडदा तारेच्या सुरुवातीपासून किती इंचांवर, ते. मी तारा लावल्या, जुळवल्या. मोकळी तार झकास. मग पहिला पडदा, तिसरा, पाचवा... आणि काकांचं तोंड उतरलं. वर जावं तसा सूर हवा त्यापेक्षा चढायला लागला. बाराव्या पडद्यावर तर दात आंबले.

मग वाट लागली आमची. काकांनी आधी तारांना दोष दिला. मी नव्या तारा आणल्या. मग डिंकाला. वरची फळी सोडवली, आणखी पातळ केली, परत बसवली. सूर चढाच. मग घोडी अर्धा सूत खाली घासली. मग माझ्यावर आले. "तुझे कान तपासून घे." मी फोनवरचं सूर दाखवणारं अ‍ॅप समोर धरलं. "मशीन काय सांगतला? मशीनाक काय कान असत?" सकाळी साडेसहाला बेल वाजायची. मी डबा भरतेय, नवरा आंघोळीला, आणि काका हॉलमध्ये येरझाऱ्या घालत, "वाजव बघू. वाजव." तीनदा फळी उघडली त्यांनी. पडद्यांना मात्र हात लावू देत नव्हते. "आखणी माझी असा. ती चुकूक नाय."

शेवटी मलाच राहवेना. एका रविवारी दुपारी वाचता वाचता कळलं की बारावा पडदा तारेच्या बरोब्बर मध्यावर असावा लागतो. तार पंधरा इंची, तेव्हा साडेसातवर. मी शिवणाचा टेप लावला. पडदा साडेसाताच्या पुढे, थोडासाच, पण पुढे. काकांना बोलावलं. ते आले, खिशातली पट्टी काढली, लावली. "साडेसात. बघ. तुझो टेप सैल असा." आणि खरंच, त्यांच्या पट्टीवर अगदी साडेसात.

मी भांडायच्या तयारीत म्हटलं, "मग घोडी तुम्ही कशाने मापली?"

"टेपान. पट्टी फुटाची, पंधरा इंच कशी..." आणि ते तिथेच थांबले.

खिशातून दुसरी पट्टी काढली. दोन्ही टेबलावर शेजारी ठेवल्या, डावी टोकं जुळवली, अंगठ्याने दाबून धरली. उजवीकडे एक पट्टी जराशी पुढे आलेली होती, एक सूत. पडदे सगळे वाढीव पट्टीने आखले होते आणि घोडी साध्या टेपने. तुम्हाआम्हाला हे कधी जमलं नसतं, ही चूक करायला आयुष्यभर दोन पट्ट्या खिशात बाळगाव्या लागतात. मला हसू आलं. "काका, तुमचं टुणटुणं लोखंडाचं ओतायचं होतं का?"

ते हसले नाहीत. पांढरेफटक पडले होते. तसेच वळले आणि चपला न घालता जिना उतरून गेले. मी खिडकीतून बघते तर कंपाउंडमध्ये फेऱ्या मारतायत, भर उन्हात, अनवाणी. मी धावत खाली गेले.

"काका, अहो घोडी सव्वा सूत मागे घ्यायची, की झालं. दहा मिनिटांचं काम. एवढं काय त्यात?"

"हात चुकलो तर कितकोय चुकता," ते म्हणाले. माझ्याकडे बघतच नव्हते. "कधी अर्धो सूत, कधी दोन. फुटामागे नेमको एक सूत हात नाय चुकत गो. ती पट्टीच चुकता. तो पंप फुटाक एक सूत लहान होतो. वाढीवच्या जागी साधी उचललंय मी. साळव्यान माझ्याच रेघेवर कापल्यान." परत चालायला लागले, परत वळले. "अकरा वर्सां. ह्या साधा गणित माका दिसाक नाय. दिसाक नाय की मीच बघूक नाय?"

मी नुसती त्यांच्या चपला घेऊन मागे मागे.

पुढच्या आठवड्यात त्यांनी घोडी सरकवली. वाद्य बाराव्या पडद्यापर्यंत गोड बोलायला लागलं, पण काकांनी ऐकलंच नाही. मी वाजवत असताना ते बाल्कनीतून आत, आतून बाल्कनीत. जेवणावरून उठायचे. काकूंनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "ह्यांका एकदा त्याच्याकडे घेऊन जा गो. नायतर हे काय धड जगूचे नाय." शनिवारी काकाच दारात उभे, इस्त्रीचा शर्ट घालून. "तू चल. एकटो गेलंय तर अर्ध्यातून परत येतलंय."

रिक्षा केली. दोनदा थांबवून उतरले. एकदा म्हणे पान खायचं होतं, पान ते खातच नाहीत. दुसऱ्यांदा नुसतेच उतरले, फुटपाथवर उभे राहिले. मी म्हटलं, "काका, बसा आत. रिक्षावाला खवळेल." बसले.

साळवी भांडुपच्या डोंगराच्या चढावर राहतात. दार उघडंच होतं. आत लुंगी नेसलेले बारीक, उंच गृहस्थ पेपर वाचत होते. त्यांनी चष्म्यावरून बघितलं.

"रघू?"

"हां."

"ये. बस."

काका बसले नाहीत. त्यांची नजर भिंतीवर गेली होती, तिथे हार घातलेला एका बाईंचा फोटो. "वैनी?"

"तीन वर्सां झाली."

"माका कोणी सांगूक नाय."

"कोण सांगतलो? तू बोलत होतस?"

आतून सून बाहेर आली, पाहुणे बघून म्हणाली, "बाबा, चहा टाकू?" साळवी म्हणाले, "थांब गो जरा."

काकांनी सुरुवात केली ती माझ्या युकुलेलीपासून. फणस, देवदार, पडदे, टेप. मला वाटलं, आता हे इथेच गोल गोल फिरणार. साळवींनी पेपरची घडी घालून मांडीवर ठेवली आणि ऐकत राहिले. शेवटी काकांचं बोलायचं संपलं. खोलीत फिरायला जागाही नव्हती. ते कपाटाला धरून उभे राहिले.

"जयवंता, पंपाची चूक माझी होती. पट्टी मी चुकीची घेतलंय. तू बरोबर कापलंस."

साळवी आतल्या खोलीकडे वळून ओरडले, "संदेश! भायर ये." तिशीचा मुलगा बाहेर आला. "हो परब. ह्याका सांग, रघू."

काकांनी सांगितलं. तेच, तसंच. मुलगा काकांकडे बघत राहिला, मग वडलांकडे. त्याच्या वडलांना हाकलून दिलं तेव्हा तो कॉलेजात असणार. मित्रांना काय सांगितलं असेल त्याने?

"आता सुनेक सांग. लग्नाच्या वेळी तिच्या घरच्यांनी इचारल्यानी होता, नोकरी कशी सुटली म्हणून."

काकांनी सुनेला सांगितलं. आवाज चिरकत होता, पण शब्द एक गाळला नाही. मला वाटलं, पुरे आता, म्हातारा माणूस आहे, किती वेळा वदवून घ्यायचं? पण साळवी उठले, काकांच्या दंडाला धरलं आणि त्यांना फोटोसमोर नेऊन उभं केलं.

"आता हिका."

काकांनी दोन्ही हात जोडले. "वैनी," म्हणाले, आणि मान वर करून फोटोकडे बघितलं. साळवींनी दंड सोडला नव्हता. "वैनी, चूक माझी होती. जयवंत बरोबर होतो."

साळवींनी डोळे पुसले, पायाने खुर्ची ओढली आणि काकांना खांद्याला दाबून तीत बसवलं.

"आता टाक गो चाय," ते सुनेला म्हणाले.