अण्णांचे ठसे

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. पशुव्यवस्थापनाची पदवी मी पहिल्या वर्गात घेतली आणि ते सांगायला मी आजही लाजत नाही. लाज वाटते ती दुसऱ्या वर्षाच्या संक्रांतीची.

आम्ही मूळचे रंगारी. मैसूरला येऊन किती पिढ्या झाल्या, कुणालाच धड सांगता येत नाही. कापड छापायचा धंदा माझ्या जन्माआधीच बसला. अण्णा, म्हणजे माझे वडील, कापडाच्या दुकानात नोकरीला होते. पण घरातले सागवानी ठसे त्यांनी जपले होते, आणि ते वर्षातून एकदा बाहेर निघत. इकडे संक्रांतीला गुरांना न्हाऊ घालून सजवतात आणि संध्याकाळी पेटत्या गवतावरून पळवतात. त्याआधी नजरबादच्या आमच्या गल्लीतला गौळी आपल्या गाई आमच्या दारात आणायचा. अण्णा त्यांच्या पाठीवर पिवळी-तांबडी फुलं छापायचे. फूल असं उठायचं, की गाय लुगडं नेसून निघाली असं वाटावं.

त्या वर्षी आमचा कातडीच्या रोगांचा धडा नुकताच झाला होता. रासायनिक रंगानं सोलवटलेल्या गुरांचे फोटो डोक्यात ताजे होते. अण्णांच्या पायाशी रंगाचा जुना डबा दिसला, वर कारखान्याचं लेबल.

"अण्णा, थांबा! विष आहे ते. जनावरातलं तुम्हाला काय कळतं?"

अर्धी गल्ली जमलेली. गौळी हसला. "अय्यो यजमान्रे, डॉक्टरम्मा रागावल्या!" म्हणाला आणि गाय वळवून घेऊन गेला. तिच्या पाठीवर अर्धंच फूल उठलं होतं. अण्णांनी एकेक ठसा पुसला आणि जुन्या धोतरात बांधून ठेवला. मला वाटलं, शिक्षण कामाला आलं.

शेवटच्या वर्षी प्रोजेक्टसाठी त्याच गौळ्याच्या गोठ्यात गेले. चारा, पाणी, साफसफाई असं विचारत कातडीपर्यंत आले, तर तो म्हणाला, "तुमचे अण्णा छापायचे तोवर कधी खाज उठली नाही. हळद आणि चुना, दुसरं काय असायचं त्यात? तेसुद्धा आदल्या दिवशी स्वतःच्या हातावर छापून बघायचे. आता आम्ही बाजारातली पुडी आणतो. ही बघा." गाईच्या पाठीवर तळहाताएवढा केस गेलेला चट्टा होता.

कारखान्याचा होता तो फक्त जुना डबा, आतला रंग घरचाच. आणि अण्णांच्या हातावरचं ते आदल्या दिवशीचं फूल मी लहानपणापासून बघत आले होते. मला वाटायचं, गंमत म्हणून काढतात. जनावराबद्दल वहीत ओळ लिहायच्या आधी ते सांभाळणाऱ्याला विचारा, असं आमच्या सरांनी पहिल्याच तासाला सांगितलं होतं. मी ते वाक्य अधोरेखितही केलं होतं.

घरी येऊन अण्णांना सगळं सांगितलं.

"असू दे गं," ते म्हणाले. "शिकलेल्या माणसानं चारचौघांत बोललेलं मागं घेऊ नये. लोक म्हणतील, कॉलेजात जाऊन हीच अक्कल आली का?"

"मग यंदा छापा तरी."

"हात थरथरतो आता. फूल फाटतं."

आता मी एका डेअरीत नोकरी करते. पुडीतला रंग गुरांना लावू नका, असं गोठ्यागोठ्यात जाऊन सांगते. गेल्या संक्रांतीला हूटगळ्ळीहून नात्यातले एक काका आले. त्यांनी सहज विचारलं, "काय हो, ते गाई छापणं का सोडलंत?"

अण्णा खुर्चीत ताठ बसले. भिंतीवरच्या माझ्या पदवीकडे बोट दाखवून म्हणाले, "हिनं सांगितलं, जनावराला बाधतं म्हणून. शिकलेली आहे ना ती."

मी एळ्ळु-बेल्लाची, म्हणजे इकडच्या तिळगुळाची, ताटली घेऊन तिथंच उभी होते. काका माझ्याकडे कौतुकानं बघत होते. अण्णांचं बरोबर होतं, माझं चुकलं, एवढंच म्हणायचं होतं.

"घ्या ना काका," म्हणत मी ताटली पुढं केली.