ओसरीवरची पिवळी नदी

लढाईच्या दिवसांत राहात्याला आमच्या ओसरीवर एक चिनी रेशीमवाला यायचा. त्याचं नाव आम्ही कुणी कधी विचारलंच नाही. सायकलवरचं गाठोडं सोडलं की माल दाखवण्याआधी तो आपलं गाव मांडायचा. पिवळ्या रेशमाचा तागा पसरला की झाली त्याची नदी. तिच्यावर आईची फणी आडवी ठेवली की लोखंडी पूल. पलीकडे पालथा पेला म्हणजे टेकडीवरचं पांढरं देऊळ. मग दोन बोटं फणीवरून चालवत तो आम्हाला गाव फिरवून आणायचा.

"खाली बगू नका, पानी लई जोरात हाय," असं पुलावर हटकून बजावायचा.

लढाईमुळे त्याची घरची वाट बंद होती. तो पिवळा तागा मात्र तो कुणालाच विकत नसे.

आत्याचं लग्न ठरलं तेव्हा आई म्हणाली, "भाऊ, नवरीला हळदीला पिवळं लागतं. बाजारात कुटं गावंना."

त्याने नदीवरची फणी उचलून बाजूला ठेवली. मग नदीची घडी घालून त्याने आत्याच्या हातात दिली.

पुढच्या खेपेला त्याने फणी ठेवली, पेला पालथा घातला आणि मधल्या मोकळ्या जमिनीपाशी त्याची बोटं थांबली. माहेरी आलेली आत्या आत गेली आणि तेच रेशीम आणून तिने फणीखालून पसरलं.

"हळदीचं डाग निगंनात," ती ओशाळून म्हणाली.

त्याने त्या गढूळ डागांवरून हळूच हात फिरवला.

"आता बराबर," तो म्हणाला. "आदी लई साफ हुती."