शुक्रवारचे बूट

डिंगोऱ्याच्या रस्त्यावर मी ओव्हरसियर होतो, तेव्हा जुन्नरचे एक चाचा भट्टीचा चुना बैलगाडीनं आणून द्यायचे. तिथली काळी माती ओली झाली की पाय सोडत नसे, म्हणून नांगरानं तिच्यात चुना कालवायचा आणि वर रूळ फिरवायचा, असं आमचं काम. माती म्हणजे जेवायला बसलेली पाहुणीच, असं चाचा तिच्याबद्दल बोलत. "पोट भरलं हिचं," म्हणत, नाहीतर, "अजून भूक हाय."

आठवडाभर ते अनवाणी असत. शुक्रवारी मात्र पांढरेफेक कॅनव्हासचे बूट घालून, नव्या रस्त्यावरूनच रुबाबात नमाजाला निघत.

एकदा दुसऱ्या दिवशी साहेब तपासणीला येणार होते. घाईत शेवटच्या तुकड्यात मी चुन्याचा हात आखडला, पाणी मारलं आणि रूळ फिरवून घेतला. दिसायला तुकडा गुळगुळीत झाला. तेवढ्यात चाचा बूट घालून आले.

"कसं झालंय, चाचा?"

"लई झ्याक दिसतंय, साहेब."

मग ते कडेच्या दगडावर बसले, सावकाश दोन्ही बूट काढले, काखेत धरले आणि अनवाणी पलीकडे गेले.

मी मुकादमाला पुन्हा नांगर जुंपायला सांगितलं.